चौदा मिनिटांचा दिवस

चंद्रावरच्या वसाहतीत शाल्मलीच्या घेवड्यावरचे दिवे सकाळी सहाला लागत आणि सहा वाजून चौदा मिनिटांनी विझत. का?

पृथ्वीवरून आलेलं घेवड्याचं हे शेवटचं बी. चाळीस रोपं, सगळी पिवळी पडलेली.

"चौदा तासांच्या जागी चौदा मिनिटं लिहिली असणार," ती दिगंबरआजोबांना म्हणाली. आजोबा पाणी विभागात प्रोग्रॅम लिहीत. "प्रकाश विभागाला सांगूया?"

"अर्ज कर. अकरा आठवड्यांत उत्तर येतं."

"रोपं आठ दिवसांत मरतील!"

"तेही लिहायला अर्जात जागा आहे."

शाल्मली रडली. मग आजोबांनी समजावलं. "प्रत्येक विभाग आपला सोर्स कोड (यंत्रानं काय करायचं त्या सूचना) कुलपात ठेवतो. म्हणून दिव्यांचा प्रोग्रॅम इथे सात विभागांनी सात वेळा लिहिलाय. तो वसाहतीतल्या सगळ्यांना वाचू द्यावा. चूक दिसेल त्यानं दुरुस्ती लिहून पाठवावी."

"मग कुणीही काहीही बदलेल!"

"सुचवेल कुणीही. आत घेणार राखणदार (मूळ विभागातला तपासनीस). नाही घेतली, तर कारण सगळ्यांसमोर लिहायचं."

"इतकं सोपं आहे, तर करत का नाहीत?"

"आपलं अक्षर कुणी बघेल याची लाज वाटते गं."

प्रकाश विभागाच्या प्रमुख मंदाकिनीबाईंनी कोड उघडायला आधी साफ नकार दिला. "बघितलं तर चुका सापडतील ना, बाळ!" तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच कबूल केलं, की लिहिणारा पृथ्वीवर परत गेलाय आणि आता विभागातही कुणाला काही कळत नाही. कोड उघडला. वीस मिनिटांत चूक सापडली. शाल्मलीनं दुरुस्ती पाठवली.

पण ती तपासणार कोण? राखणदार नेमायला समिती बसली. समितीचा अध्यक्ष निवडायला दुसरी समिती बसली. दुरुस्ती नवव्या दिवशी आत गेली. रिकाम्या कुंड्यांवर चौदा तास लख्ख उजेड पडला.

"उपयोग काय झाला, आजोबा?"

आजोबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. वसाहतीच्या दुसऱ्या टोकाच्या औषधी बागेतून, मेहरुन्निसा नावाच्या मुलीचा निरोप होता:

'तुझी दुरुस्ती उघड्यावर होती म्हणून मला ती पाचव्या दिवशीच वाचता आली. आमच्या बागेच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्येही तीच चूक होती, ती आम्ही लगेच सुधारली. आमची रोपं वाचली. दिवे हळूहळू उजळावेत म्हणून एक ओळ जोडलीय, तपासशील? घेवडा नाही माझ्याकडे. भेंडीचं बी पाठवलं तर चालेल?'

शाल्मलीनं नाक पुसलं. ओळ दोनदा वाचली, एक चूक काढली आणि खाली लिहिलं, 'चालेल.'