जोडीची डिस्क

ही घटना खरी आहे. माझ्या मावसबहिणीच्या, पौर्णिमाच्या घरात घडली आणि त्या दुपारी मी स्वतः तिच्याशी फोनवर बोलले आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. तीही आधी हसलीच होती.

अकोल्याचं जुनं शहर. दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशी एक अरुंद गल्ली. मागच्या वर्षीचा एप्रिल.

आणि वेळ रात्रीची नाही, भर उन्हाची. रात्रीची असती तर मीच म्हणाले असते की झोपेतला भास आहे.

पौर्णिमाचा नवरा संघपाल नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात कामाला. अमरावतीला खोली करून राहायचा, रविवारी घरी यायचा. घरात पौर्णिमा, तिची सासू मैनाबाई आणि पाळण्यातला सुगत. बसायला शिकलेला, दिवसभर आपल्याच भाषेत बडबडणारा.

बाळंतपणाआधी पौर्णिमा कॉम्प्युटर शिकवायची. लेकराचे फोटो कुठल्या कंपनीच्या हवाली करायचे नाहीत, हा तिचा हट्ट. म्हणून तिने जुना कॉम्प्युटर उघडून, साफ करून घरचा सर्व्हर बनवला. इन्व्हर्टरची वायर फक्त तिथपर्यंत पोचत होती, म्हणून तो डबा पाळण्याशेजारीच ठेवला. सुगतचं पहिलं रडणं, पहिलं हसू, सगळे व्हिडिओ त्यात. संघपाल अमरावतीहून रोज संध्याकाळी ते बघायचा.

आत दोन डिस्क जोडीने लावल्या होत्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तर दुसरी आहेच, हा हिशोब.

एक डिस्क नवी होती. दुसरी किशोर भंगारवाल्याकडची.

जुनी डिस्क आणली की ती आधी पूर्ण पुसून घ्या, दिवस लागला तरी चालेल, असं पौर्णिमा आपल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना बजावायची. पण त्या दिवशी सुगतला लसीचा ताप होता, लाइट सारखी जाऊन इन्व्हर्टरही बसत आला होता. तिने डिस्क वरवर पुसली. नुसती फाइलींची यादी गेली. आत जे होतं ते आतच राहिलं.

आणि ती जोडीला लावली.

दुसऱ्या दिवशी सुगत पाळण्यात बडबडत होता. त्याचा आवाज थांबला की डब्यातून यायचं...

टक... टक... टक.

तो पुन्हा बोलला की डबा गप्प. तो थांबला की...

टक... टक.

मैनाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "वं पौर्णिमा, हा डब्बा लेकराले उलटं बोलून राहिला."

पौर्णिमाला हसू आलं. उन्हाने डिस्क तापली असेल, म्हणाली.

मग एका संध्याकाळी संघपालचा फोन आला. उष्टावणाच्या व्हिडिओला आवाज नाही. तिने पाहिलं. चित्र नीट होतं. चमचा दिसत होता, टाळ्या वाजवणारी आजी दिसत होती. फक्त आवाज नव्हता.

दुसऱ्या डिस्कवर पाहिलं. तिथेही नाही. जोडीचं कामच ते. एकीवरून गेलं की दुसरीवरूनही जाणार. तिसरी प्रत तिने काढलीच नव्हती, आणि जागा हवी म्हणून मोबाइल कधीच रिकामा केला होता.

रोज एकेक व्हिडिओ मुका होत गेला.

अलीकडचे आधी. मग मागचे, त्याच्या मागचे.

आणि सुगत...

सुगत बडबडेनासा झाला. खुळखुळा वाजवला की तोंड उघडायचा, पोट हलायचं, डोळे हसायचे. पण घशातून काही म्हणजे काही नाही. रडला तर गालावर नुसतं पाणी. डॉक्टरांनी तपासलं. घसा उत्तम आहे, म्हणाले.

मैनाबाई चिडल्या होत्या. घरभर वायरी पसरायला नाही म्हटलं होतं, आता लेकराचा आवाज कुठे गेला ते मशीनलाच विचार, असं त्या येताजाता ऐकवायच्या.

त्या दुपारी मैनाबाई विहारात गेल्या होत्या. पौर्णिमा एकटी डब्यासमोर बसली. आवाज असलेला एकच व्हिडिओ उरला होता. दवाखान्यातला. जन्मल्यावर सुगतने फोडलेला पहिला टाहो.

तेव्हा तिला कळलं. डब्यातून जे जातं, ते लेकरातूनही जातं. आणि पहिला टाहो म्हणजे लेकराचा पहिला श्वास.

हा गेला तर?

तिने तो व्हिडिओ मोबाइलवर घ्यायला लावला. कॉपीचा आकडा हलेना. उलट डोळ्यांसमोर फाइल लहान होत चालली. डब्यातून टकटक जोरात सुरू झाली. घाईत असल्यासारखी.

तिने मशीनला बंद व्हायची आज्ञा दिली. ते ऐकेना.

तिने प्लग उपटला.

स्क्रीन काळी झाली. पंखा थांबला. घर शांत झालं, आणि त्या शांततेत...

टक... टक... टक... टक.

करंट नाही. वायर तिच्या हातात. तरी.

पाळण्यात सुगतची छाती हलत नव्हती. ओठ निळे पडत होते.

पौर्णिमाने झाकण ओरबाडून काढलं आणि भंगारातल्या डिस्कला हात घातला. अकोल्याच्या एप्रिलमध्ये ती डिस्क बर्फासारखी गार होती. बोटांची कातडी चिकटली. ओढली तर निघेना. घाईत स्क्रू लावलेलेच नव्हते, अडवणारं काहीच नव्हतं, तरी आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी.

तिने पाय डब्याला लावला आणि सगळ्या जोराने हिसडा दिला.

डिस्क हातात आली. आणि सुगत असा रडला की शेजारपाजारचे दार वाजवायला आले.

तेव्हाच तिने मला फोन केला. हुंदके देत म्हणत होती, "ताई, ऐक ना, माझा सुगत रडून राहिला. आवाज आला त्याचा. ऐकू येते ना तुले?"

मी हो म्हणाले.

मला तिचे हुंदके ऐकू येत होते. मागे दार वाजत होतं, बाया बोलत होत्या. रडणारं लेकरू... मला कुठेच ऐकू आलं नाही.

दोन्ही डिस्क मैनाबाईंनी अंगणात हातोडीने फोडल्या. चुरा होईपर्यंत. किशोरला विचारायला संघपाल गेला, तर त्याने हात झटकले. मी भंगार विकतो, आतलं विकत नाही, म्हणाला.

सुगत आता चालतो. समोर असला की नुसता चिवचिवाट. पण फोनवर त्याचा आवाज कुणालाच जात नाही, मोबाइलमध्ये भरला जात नाही. ओठ हलतात तेवढे दिसतात. घरात तरी आवाज परत आला, यातच तिने समाधान मानलं होतं.

मागच्या आठवड्यात संघपालने दुपारी व्हिडिओ कॉल केला. सुगत पौर्णिमाच्या मांडीवर गाढ झोपलेला.

संघपाल स्क्रीनजवळ वाकला. मग म्हणाला, "कावून रडून राहिला तो?"

"कोण? तो झोपला हाय. पाहा ना."

"झोपलेला दिसते मले. तोंडही मिटलेलं हाय. पण पौर्णिमा... आवाज येऊन राहिला त्याचा. तान्ह्या लेकरासारखा. भुकेजल्यासारखा."

पौर्णिमाने कान दिला. खोलीत पंख्याची घरघर होती. मांडीवरच्या लेकराचा सावकाश श्वास होता. बाकी काही नाही.

तिला एक हुंकारही ऐकू आला नाही.

पण तिने खाली पाहिलं, तर पान्हा फुटून तिचा ब्लाउज ओला होत चालला होता.

तिने मला हे सांगितलं, तेव्हा एकच विचारलं. फोन कट केला तर ते तान्हं लेकरू तिकडे एकटंच रडत राहील का?