निघण्याच्या कागदांतली चिठ्ठी

योस्त आमच्या बंदरात आला तोच रविवारी. परदेशी बोटवाल्यानं टोंगात करू नये अशी पहिली गोष्ट ही. रविवारी इथे कस्टम्स तर बंद असतंच, पण समुद्रात पोहायलाही कोणी उतरत नाही. तपासणी बाकी असल्याचा पिवळा झेंडा चढवायचा आणि सोमवारपर्यंत बोटीवर निमूट बसायचं. चर्चहून परतताना मला हा दिसला – उघडाबंब, शिडाच्या दोरीवर कपडे वाळत घालत होता. मी धक्क्यावरूनच खूण केली, शर्ट घाल. त्यानं घातला… उलटा.

सोमवारी मी त्याच्या बोटीवर फळं-भाज्या तपासायला गेले आणि माझा भाऊ सेमिसी कागद तपासायला. नेआफूच्या धक्क्यावर सहा वर्षं आमचं हेच काम. माणूस मी त्याच्या कपाटांवरून ओळखते. जो सगळी कपाटं आधीच उघडून ठेवतो, तो एकतर प्रामाणिक असतो नाहीतर फार हुशार. योस्तनं सगळी उघडून ठेवली होती. मी सात लिंबं आणि मधाची बाटली जप्त केली.

"एवढंच नेणार?" त्यानं माझ्याकडे बघत विचारलं.

सेमिसी उठून डेकवर निघून गेला.

आमच्यात बहीण-भाऊ एका छताखाली असले, की प्रेमाचा विषय निघत नाही. सिनेमात कुणी नुसता हात धरला, तरी दोघांपैकी एक उठून बाहेर जातो. हे मी योस्तला सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे विषय मीच काढायचा! आणि मी काय म्हणून काढू?

पुढे चार महिने त्याला दर आठवड्याला माझा सल्ला लागायचा. कुठल्या खाडीत नांगर धरतो, व्हिसा कसा वाढवायचा, गावात जाताना गुडघे झाकायचे का. मी सगळं सांगत गेले. नको तितकं समजावून सांगत गेले. जे विचारायला तो येत होता ते मात्र त्यानं कधी विचारलं नाही, आणि सेमिसी दिसला की तो दारातूनच परतायचा. तुझ्या भावाला मी आवडत नाही, असं एकदा म्हणाला. मी हसण्यावारी नेलं.

नोव्हेंबर लागला. चक्रीवादळांच्या भीतीनं सगळ्या बोटी न्यूझीलंडकडे गेल्या. खाडीत एकट्या योस्तची उरली. शनिवारी सकाळचा वारा चांगला होता, सोमवारपासून बिघडणार होता. म्हणजे शुक्रवारीच निघण्याच्या कागदांवर शिक्का हवा. कचेरी साडेचारला बंद होते. हा पठ्ठ्या पावणेचारला उगवला… न बोलता गेला तर?

त्यानं फाईल सेमिसीसमोर ठेवली. सेमिसीनं एक कागद उलटला, दुसरा उलटला. मग एक घडी घातलेली चिठ्ठी निघाली. त्यानं पहिली ओळ वाचली आणि त्याचे कान लालबुंद झाले. चिठ्ठी तशीच टेबलावर टाकून तो उठला आणि शिक्का मुठीत घेऊन बाहेर पडला.

"काय झालं?" योस्तनं मला विचारलं.

मी चिठ्ठी ओढून घेतली. 'सेमिसी, तुझ्या बहिणीवर माझं प्रेम आहे. तिला विचारण्याआधी तुझी परवानगी…'

"अरे, भावाला? जगातल्या सगळ्या माणसांत तुला भाऊच सापडला?"

"तुझे वडील दूर गावाकडच्या बेटावर असतात, म्हणून मी… आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात."

मग मी त्याला सगळं समजावलं. जुलैमध्ये सांगायचं ते नोव्हेंबरात. तो खुर्चीत बसला. घड्याळात चार वाजून सात मिनिटं झाली होती.

"शिक्का नाही मिळाला तर बोट वादळात सापडेल," मी म्हणाले.

"बोटीचं जाऊ दे. तू… तुझं उत्तर?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. सेमिसी धक्क्याच्या टोकाला पाठमोरा उभा होता. किती वेळ उभा राहील, देवच जाणे.

"नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही," मी म्हणाले. "मेमध्ये बोटी परतू लागतात, तेव्हा ये. रविवारी येऊ नकोस. कागद सगळे पुरे आण. आणि शनिवारी आमच्या गावात बैठकीला, मुळांचा कावा प्यायला बैस. कावा मुलगी वाढते. तिच्या हातचा पेला घ्यायला येणाऱ्याला काय हवं असतं, ते सगळ्या गावाला माहीत असतं. बोलायचं ते तिथं बोल. माझ्या वडिलांसमोर."

"कावा कोण वाढणार?"

"मी. दुसरी कोण?"

त्यानं माझा हात धरला. माझ्या नखांत तपासलेल्या भोपळ्यांची माती होती. मी हात सोडवला नाही… जरा उशिरानं सोडवला.

चार पंचवीसला सेमिसी आला. दारात दोनदा खाकरला, मग आत शिरला. आमच्याकडे न पाहता त्यानं शिक्का मारला, फाईल योस्तकडे सरकवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "मे महिनाभर मी रजेवर असेन. हापाईला, मावशीकडे. बोटी दुसरा कोणीतरी तपासेल."

तो गेल्यावर योस्तनं हळूच विचारलं, "म्हणजे अजून रागावलाय का?"

"वेड्या," मी म्हणाले, "त्यानं तुझ्यासाठी घर रिकामं केलंय."