गुरुजींनी दिलेल्या तारखा

प्रेमानंद इंगळे गुरुजींच्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, पहिल्या जूनला. यात नवल काही नाही. बाप पोराचं बोट धरून शाळेत यायचा, गुरुजी जन्मतारीख विचारायचे आणि बाप डोकं खाजवत म्हणायचा, "तुमीच टाका न गुरुजी, अंदाजानं." पहिलीत बसवायला जूनच्या सुरुवातीला सहा वर्षं पुरी लागत. मग गुरुजी सहा वर्षं मागे जाऊन '०१-०६' लिहून मोकळे होत. धामणगाव बढ्याच्या पंचक्रोशीत असं करणारे ते काही एकटे नव्हते, पण त्यांचं अक्षर एवढं देखणं की अंदाजानं टाकलेली तारीखही खरी वाटे.

यंदा शाळेला पन्नास वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, त्यातच गुरुजींचा सत्कार. त्यांची एकुलती एक मुलगी प्रेरणा पुण्यातल्या कंपनीसाठी वेबसाइट करायची, पण काम गावी घरात बसूनच. मेळाव्याची वेबसाइट तिनं आपण होऊन अंगावर घेतली, कारण बापावर तिचा जीव होता. माझे बाबा आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाहीत, असं ती कोणालाही, न विचारता, ऐकवायची. पहिल्या जूनच्या तारखा ती त्यात धरत नसे. ती आपली गावाची सोय.

शाळेचा क्लार्क राजकुमार यानं दाखल-खारीज रजिस्टर पाहून चारशे बारा नावं टाइप करून दिली. नाव, जन्मतारीख, शाळेत आल्याचं वर्ष. तारखा सगळ्या आकड्यांत. प्रेरणाला त्या तशाच पानावर टाकणं जिवावर आलं. '०१-०६-१९७७' वाचून माणसाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. जून म्हटलं की निदान पेरणी तरी आठवते. म्हणून तिनं चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. बारा महिन्यांची नावं ओळीनं मांडायची, तारखेतला मधला आकडा उचलायचा, त्यातून एक वजा करायचा आणि त्या जागेवरचं नाव घ्यायचं. एक वजा अशासाठी की संगणक मोजायला शून्यापासून लागतो. त्याच्या लेखी जानेवारी शून्याव्या जागी बसलेला असतो. नवशिके इथंच आपटतात आणि सगळं गाव एक महिना पुढे सरकवून ठेवतात. प्रेरणा नवशिकी नव्हती. चहा निवायच्या आत तिचं काम झालं.

चारशे अकरा नावं बरोबर आली. फक्त भाऊराव सपकाळांसमोर '१ सप्टेंबर १९७७' असं उमटलं.

टायपिंगची चूक, असं म्हणून तिनं मूळ यादी पाहिली. तिथं स्वच्छ ०१-०६-१९७७ होतं. वर-खाली त्याच तारखेची आणखी सात नावं होती आणि त्या सातांसमोर जून होता. एक चुकला तर सगळे चुकायला हवेत, प्रोग्राम कोणाचं तोंड पाहून हिशोब करत नाही. तिनं पान पुन्हा उघडलं, मग मोबाइलवर उघडलं. सप्टेंबर काही हलेना.

दुपारी भाऊराव शेतातून घरी जाताना ओसरीवर पाणी प्यायला टेकले. पऱ्हाटीची बोंडं फुटली होती, त्यांच्या बाहीला कापूस चिकटलेला होता. गुरुजी पलीकडे खुर्चीत पेपर वाचत होते.

"भाऊकाका, तुमचा जन्म कधीचा हो?" प्रेरणानं सहज विचारलं.

"कागदावरचा सांगू का खरा?"

"खरा."

"तारीख कोनाले ठाऊक वं बाई. माय सांगे, खांदशेकणीच्या दिवशी झाला तू म्हने. दुसऱ्या दिवशी पोळा, अन् बैलं धुवायचे सोडून बाप सुईन हुडकत फिरे."

पोळा तर ऑगस्टात येतो, हे आठवून प्रेरणाचा जीव भांड्यात पडला. ते सुख पाच मिनिटंही टिकलं नाही. तिनं जुनं पंचांग शोधून काढलं. सत्त्याहत्तर साली अधिक महिना आला होता आणि पोळा सप्टेंबरात गेला होता.

भाऊराव निघून गेल्यावर तिनं पानावरच्या सप्टेंबरची गोष्ट गंमत म्हणून गुरुजींना सांगितली. गुरुजी हसतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

"आनखी कोनाचं बदललं?"

"एवढं एकच."

"आपल्या घरातलं कोनाचं?"

"आपलं काय बदलायचं बाबा? माझा तर ग्रामपंचायतीचा दाखला हाय."

गुरुजींनी पेपर पुन्हा उघडला, पण पान काही उलटलं नाही. प्रेरणाच्या मनात संशयाचा पहिला खडा पडला तो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार नावं बदललेली होती. त्याच्या पुढच्या दिवशी अकरा. जूनचे लोक एकेक करून जूनमधून उठून चालले होते, कोणी जानेवारीत, कोणी ऑक्टोबरात. दिवस मात्र पहिलाच राही आणि वर्षही तेच. प्रोग्रामच्या हातात फक्त महिना होता आणि तो तेवढाच बदलत होता.

तिनं राजकुमारला फोन लावून चांगलंच धारेवर धरलं. यादीत कोणी हात घालतंय का, पासवर्ड कोणाला दिला का, सगळं विचारलं. बिचारा दुखावला.

"प्रेरणाताई, मी रजिस्टर पाहूपाहू टाइप केलं. लोकायचे खरे जन्म मले ठाऊक असते तं मी क्लार्कीच काऊन केली असती?"

त्यात खोट दिसेना. तिनं चार ओळी पुसून नव्यानं लिहिल्या. तरी तेच. मग स्वतःची महिन्यांची यादीच काढून टाकली. ब्राउझरला आकडा दिला की तो मराठीत महिन्याचं नाव स्वतःच देतो, ती सोय वापरली. तरी तेच. शेवटी प्रत्येक नावासमोर मूळ आकडा आणि महिन्याचं नाव शेजारी शेजारी छापून पाहिलं. सहा, जून. सहा, जून. सहा, मार्च.

तो मार्च कलाबाईंचा होता. वेशीजवळ त्यांची पिठाची गिरणी. प्रेरणा ज्वारीचा डबा घेऊन मुद्दाम गेली. गिरणीच्या आवाजात दोनदा ओरडून विचारावं लागलं.

"हरभरा सोंगून राह्यले होते," कलाबाई ओरडून म्हणाल्या. "वावराच्या धुऱ्यावरच झाली मी. काऊन वं?"

हरभऱ्याची कापणी म्हणजे मार्चच. काही नाही, असं म्हणून प्रेरणा डबा तिथंच विसरून घरी आली. तिला भीती वाटत होती आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती. इंजिनिअर झालेल्या मुलीनं असं घाबरावं, हे तिला पटत नव्हतं.

गुरुजी तिची वाटच पाहत बसले होते.

"ते महिने काहाडून टाक पानावरून," ते म्हणाले. "आकडेच राहू दे."

"काऊन?"

"आकडे बरे असतात."

ज्या माणसानं चाळीस वर्षं पोरांकडून तारखा अक्षरांत लिहून घेतल्या, तो आज म्हणत होता आकडे बरे. प्रेरणानं महिने काही काढले नाहीत. त्या दिवसापासून ती बापावर नजर ठेवू लागली आणि बाप तिची नजर चुकवू लागला. जेवताना दोघांमध्ये भाकरीची टोपली, आणि बोलणं फक्त मिठाबद्दल.

एक गोष्ट तिनं एव्हाना ताडली होती. ज्यांच्या तारखा खऱ्या दाखल्यावरून लिहिल्या होत्या, त्यांचे महिने जागचे हलत नव्हते. हलत होते ते फक्त खोटे.

शनिवारी सकाळी तिनं पान उघडलं. प्रेरणा प्रेमानंद इंगळे. '१४ फेब्रुवारी १९९७'.

मूळ यादीत १४-११-१९९७ होतं. दाखल्यावर चौदा नोव्हेंबर होतं, आधारवर तेच होतं, दरवर्षी त्याच दिवशी आईनं तिच्यासाठी खीर केली होती.

गुरुजी मेळाव्याच्या बैठकीला गेले होते. आई, महामायाबाई, चुलीपुढं बसून शंकरपाळे तळत होती. प्रेरणा दारात उभी राहिली.

"आई, मी फेब्रुवारीतली हाव का?"

झारा कढईत तसाच राहिला. शंकरपाळे आधी तांबूस झाले, मग काळे पडले. आईनं चुलीतलं लाकूड ओढून बाहेर काढलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"कोनं सांगतलं तुले?"

"कोणीच नाही. खरं काय ते सांग."

"एकवीस फेब्रुवारी," आई म्हणाली. "नव्यान्नव साल."

"मग नोव्हेंबर कोणाचा?"

आईनं काळे शंकरपाळे झाऱ्यानं बाजूला काढले.

"तुह्या आंधी एक होती. नोव्हेंबरातली. पाच महिन्यायची होऊन गेली, तापानं. तू झाली तवा तुह्या बाबानं नाव बी तेच ठेवलं. दाखला होताच घरात. तोच शाळेले लावला."

"अन् तिच्या जाण्याची नोंद?"

"नाई केली."

म्हणजे कागदावर मेलं कोणीच नव्हतं. आणि एकवीस फेब्रुवारीला कागदावर जन्मलंही कोणी नव्हतं. प्रेरणाला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप.

गुरुजी आले, त्यांनी दोघींची तोंडं पाहिली आणि चपला काढायच्या आधीच त्यांना कळलं. ते ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसले.

"हजार पोरायचे नावं लिहिले मी," ते म्हणाले. "कैकायचे कापले बी. तिचं कापायले हात उठला नाई."

"मले प्रेरणा म्हणून हाक मारता बाबा, तवा कोणाले मारता?"

गुरुजींनी पायातल्या चपला काढल्या. तिनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. त्यांनी मान खाली घातली. ओसरीवरचं ऊन सरकून त्यांच्या पायांवर आलं, तरी उत्तर आलं नाही.

रविवारी तिनं मूळ यादीत स्वतःची तारीख बदलली. २१-०२-१९९९. पानावर '२१ फेब्रुवारी १९९९' उमटलं आणि तिथंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मालकीचं काहीतरी मिळाल्यासारखं तिला वाटलं. संताप निवळला नव्हता, पण गुरुजींसमोर तिनं चहाचा कप ठेवला.

सोमवारपासून मेळाव्याला कोण येणार त्याची नोंद सुरू झाली. ज्यानं त्यानं आपल्या फोनवरून नावासमोर 'येणार' लिहायचं आणि 'सोबत कोण' ते भरायचं. भाऊरावांनी बायको लिहिली, कलाबाईंनी दोन नाती. प्रेरणानंही आपली नोंद केली. येणार. सोबत: आई-बाबा.

मंगळवारी सकाळी पानाच्या वरच्या कोपऱ्यात एकूण नावं चारशे तेरा दिसत होती.

तिनं मूळ यादी मोजली. चारशे बारा.

पुन्हा मोजली. चारशे बारा.

मग ती पानावर एकेक नाव बोट ठेवून वाचत खाली आली.

प्रेरणा प्रेमानंद इंगळे. १४ नोव्हेंबर १९९७. येणार.

सोबत: आई-बाबा.

तिच्या खालच्या ओळीत तेच नाव पुन्हा होतं. प्रेरणा प्रेमानंद इंगळे. २१ फेब्रुवारी १९९९. येणार.

त्या ओळीतला 'सोबत कोण' हा रकाना रिकामा होता.