कोरी डिस्क

१९९९ सालच्या मार्चमधली गोष्ट. पेणला माझं टीव्ही-व्हीसीडी दुरुस्तीचं दुकान होतं. एक दिवस रोह्याहून ओळखीच्या सुरैय्याचा फोन आला. तिचा नवरा इरशाद तीन महिन्यांपूर्वी कुवेतला अपघातात गेला. दफनही तिकडेच झालं. त्याच्या सामानातून एक डिस्क आली होती, पण ती घरच्या मशीनवर लागत नव्हती.

यात नवल काहीच नव्हतं. कॉम्प्युटरवर भरलेल्या डिस्क जुन्या मशीनची लेन्स पुष्कळदा धरत नसे. मी दुकानातलं नवं मशीन पिशवीत घातलं आणि भरदुपारी एसटीने रोह्याला उतरलो.

घरात सुरैय्या आणि तिचे सासरे, मुसाचाचा. खिडक्या बंद. लोबानाचा जड वास. म्हातारा टीव्हीसमोर खुर्चीत बसलेला, माझ्याकडे वळलासुद्धा नाही.

जुन्या मशीनमध्ये डिस्क घरघरत फिरली आणि थांबली. ‘नो डिस्क’. पडदा निळाच.

"अब्बांना दिसतात ते," सुरैय्या हळूच म्हणाली. "दिवसभर या निळ्या पडद्याशी बोलत बसतात... प्रवीणभाई, एकदा लावून द्या. मला पण बघायचंय त्यांना."

मी माझं मशीन जोडलं. तेच. ‘नो डिस्क’.

डिस्क काढून खिडकीच्या फटीतल्या उजेडात धरली. भरलेल्या डिस्कवर मागून गडद कडं दिसतं. हिच्यावर नव्हतं. बिचाऱ्याने घेतली असेल, भरायची राहून गेली. आता हिला कसं सांगायचं?

"सुरैय्या, ही तर..."

"सलाम, अब्बा."

आवाज टीव्हीतून आला.

पडद्यावर इरशाद होता. पांढऱ्या भिंतीपुढे, खुर्चीत. सुरैय्याने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

"जेवलात?"

"व्हय रे," मुसाचाचा म्हणाले.

"गोळी घेतली?"

"नाय... कडू लागते."

इरशाद हसला. "नाय घेतली तरी चालंल आता."

तळव्यात काहीतरी टोचलं. खाली पाहिलं. डिस्कची कड रुतली होती... डिस्क माझ्याच हातात होती.

मी वायर हिसडून काढली. पडदा काळा झाला, तसा म्हातारा ओरडला, "लाव रे! बोलत होता तो!"

मशीन तिथेच टाकून मी पळालो. एसटीत बसेपर्यंत पायात चप्पल नाही हेही कळलं नव्हतं.

आठ दिवसांनी दुकानात फोन वाजला. सुरैय्या कुजबुजत होती.

"अब्बा सकाळीच न्हाऊन, ईदचे कपडे घालून बसलेत. ह्यांच्या बाजूला खुर्ची मांडलीय म्हणतात..."

"टीव्हीत?"

"व्हय. रिकामी. मी पण बघितली." मागे कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. "पण प्रवीणभाई... रिकाम्या खुर्च्या दोन हायत."