तेविसाव्या नंबरची हजेरी

विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण माझी नणंद मिएन थापा मारणाऱ्यांतली नाही. आणि ही गोष्ट सांगताना ती आजही डावीकडे बघत नाही.

गाव नाम दिन्ह, व्हिएतनाम. सोमवार, २३ मार्च २००९.

सकाळचे आठ. हो, सकाळचेच.

मिएन बारावीत होती, वर्गाची मॉनिटर. तिच्या डाव्या हाताला लुआ बसायची.

बसायची... कारण जानेवारीत, आमच्या नव्या वर्षाच्या सणाआधी आठ दिवस लुआ तापाने गेली.

वर्गाची यादी मिएनच लिहायची. लुआ तेवीस, मिएन चोवीस. लुआच्या नावावर रेघ मारायला हवी होती. एवढंच काम.

मिएनने ती मारली नाही.

तास सुरू झाला की आमच्याकडे मागचा धडा विचारायला एकाला फळ्यापाशी बोलावतात. नंबर काढायचा तो तारखेवरून. लुआचं नाव गेलं असतं तर खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले असते, आणि तेवीस तारीख मिएनच्या गळ्यात पडली असती. गणितात ती कच्ची. एक भोपळा मिळाला की गुणवंताचा दाखला गेला. दाखला नाही तर कॉलेज नाही, सरळ मागावर बसायचं, असं तिच्या बाबांनी बजावूनच ठेवलं होतं.

त्यातच गणिताच्या जुन्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि परगावहून थोआ बाई आल्या. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारीला त्यांनी मिएनची यादी उघडली.

"तेवीस?"

सगळा वर्ग मिएनकडे बघू लागला.

"आली नाही, बाई."

"रजेची चिठ्ठी?"

"नाही, बाई."

शून्य. आमच्याकडे पोरं त्याला अंडं म्हणतात.

मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "मिळालं गं अंडं. सवय आहे तिला. शवपेटीवर ठेवलेल्या भातातही अंडंच होतं."

वर्ग तोंड दाबून हसला. मिएनही हसली.

बाई धडा फक्त सोमवारी विचारायच्या, आणि ज्याला शून्य, त्यालाच पुढच्या सोमवारी पुन्हा उभं करायच्या. तीन सोमवार पुन्हा तेच विचारणं, तेच उत्तर. चार शून्यं झाली. बाकी कुणाला म्हणून फळ्यापाशी जावं लागलं नाही. मेलेल्या पोरीच्या आड अख्खा वर्ग लपून बसला होता.

मग गुणांची पत्रकं घरी पाठवायची वेळ आली. पालकांनी सही करून परत द्यायची. पाकिटं मिएननेच भरली. लुआचं पत्रक हातात आलं तेव्हा तिचा हात थांबला...

पण एक पाकीट कमी भरलं तर बाई विचारणार.

तिने ते पत्रक आत घातलं. वर पत्ता लिहिला. अक्षर चांगलं काढलं.

आणि तो सोमवार उजाडला.

त्या दिवसांत आमच्याकडे हवा इतकी दमट की भिंतींना घाम फुटतो. फरशी ओली, बाकं ओली. फळा तर इतका ओला की सकाळपासून खडू उमटत नव्हता.

"तेवीस."

मिएन उठली. "बाई, ती..."

बाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या.

"आलीस एकदाची? ये. जा फळ्यापाशी."

दारात कुणीच नव्हतं.

मग... टक. टक. सर्रर्र.

फळ्यावर एक अक्षर नव्हतं. नुसती खडूची भुकटी खाली पडत होती.

बाई मान डोलवत होत्या. "बरोबर... हेही बरोबर. अगं, एवढं येतं तर तोंड का लपवत होतीस? जा, बस जागेवर."

पावलं बाकांच्या मधून आली. ओल्या फरशीवरची अनवाणी पावलं.

मिएनच्या डाव्या बाजूला बाक करकरला.

तिची बाही गार पडली.

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मधल्या सुट्टीत लुआची आई दाराशी आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. हातात सही केलेलं पत्रक. तिने आधी बाईंची माफी मागितली. नवरा नाही, एकटीने वाढवलेली पोर, शाळा बुडवणारी नव्हती हो, असं सांगत राहिली.

"काल तिच्या फोटोपुढे अगरबत्ती लावली आणि रागावले तिला. म्हटलं, मेलीस म्हणून काय झालं? ऊठ, जा, उत्तरं देऊन ये."

बाईंच्या हातातून पेन गळालं.

आई मिएनकडे वळली. "आली का गं ती?"

मिएनला खोटं बोलता आलं नाही. "आली, काकू."

"मग परत का नाही आली घरी? सकाळपासून अगरबत्ती पेटत नाहीये तिच्यापुढची. अख्खी काडेपेटी संपली."

मिएनच्या डावीकडचा बाक पुन्हा करकरला होता.

बाईंनी त्याच दिवशी ते नाव खोडलं. मिएनला दाखला मिळाला नाही. आज ती मागावर बसते, उजव्या टोकाला, डावीकडे एका माणसाची जागा सोडून.

दर महिन्याच्या तेवीस तारखेला ती काकूंकडे जाते. मागच्या महिन्यात मीही गेले, माझ्या दोन वर्षांच्या लेकीला डाव्या कडेवर घेऊन. काकूंनी काडी ओढली. अगरबत्ती पेटली नाही.

काड्या संपल्यावर काकू उठल्या. मिएनच्या डावीकडे हवेतच हात फिरवला... खांद्याएवढ्या उंचीवर, केसांवरून फिरवावा तसा.

"जेवलीस का गं?" असं विचारलं, आणि थांबल्या. ऐकत राहिल्या.

मिएनच्या डावीकडे मीच उभी होते; तो हात माझ्याही डावीकडे, लेकीच्या शेजारी फिरला होता.

मी लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.