टॅमसिनच्या जीपचा लॉकर

जीपला लॉकर बसवायचाय ना तुला, ब्रेंट? तोही स्वस्तातला? तासभर ऐकतोय मी तुमची वादावादी. बटणाचा महाग पडतो, आपोआप लागणारा वळणावर टकटक करतो, वेल्डिंग मारलं तर टायर झिजतात. आणि आता म्हणतोस, भंगारातला अख्खा मागचा एक्सलच उचलतो. उचल की! पण तो कुणाच्या गाडीखालचा, ते आधी विचार.

हसू नकोस. बियर ठेव खाली आणि शेकोटीत दोन लाकडं टाक. निकी नवी आहे, तिच्यासाठी सांगतो. एक चाक हवेत गेलं की सगळा जोर त्यातच वाया जातो, दुसरं ढिम्म हलत नाही. एक्सलमधला लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. कळलं? मग ऐका.

माझा मित्र व्हर्ल. पेट्रोलपंपावर एकटाच कॉफी पीत बसतो ना, तोच. आज तोंडातून शब्द फुटत नाही, पण पूर्वी टोमणे मारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि आपल्याकडची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. चढावर कुणी लॉकरचं बटण आधीच दाबलं, की सगळे दात काढतात. अडकलास तरच दाब, नाहीतर चढलास कसला!

आमच्याबरोबर गाडी चढवणारी टॅमसिन तेव्हा चोवीस वर्षांची होती. याच दगडी पायरीवर, हो, ही आपल्या मागचीच, तिची जीप चढत होती. व्हर्ल वर उभा राहून वॉकीटॉकीवर तिला वाट दाखवत होता. तिनं विचारलं, "व्हर्ल, आता दाबू?"

हा म्हणाला, "अजून नको. एवढ्यात टरकलीस होय?"

तेवढ्यात चाक उचललं गेलं. जीप मागे सरकली आणि कडेवरून खाली दरीत गेली. बटण तिनं शेवटपर्यंत दाबलंच नव्हतं.

दोन वर्षं तिचा एक्सल भंगारवाल्याकडे पडून होता. लॉकर ठणठणीत, किंमत निम्म्याहून कमी, तरी गावात कुणी हात लावेना. व्हर्लनं घेतला. मी चिडलोच. "लाज नाही वाटत तुला?"

तो म्हणाला, "आर्लो, दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली मला तो बघवणार नाही."

मग त्याच्या जीपखाली दोघांनी मिळून बसवला. बटणाचं पार्सल यायचं होतं, म्हणून लॉकरची सुटी वायर मी चिकटपट्टीनं गुंडाळून वर बांधून टाकली. याच हातांनी. बटणाशिवाय तो लागणं शक्यच नव्हतं.

सतरा ऑक्टोबर, शुक्रवार. रात्रीचे सव्वाआठ. व्हर्लचा मुलगा केड वरच्या पठारावर तंबू ठोकून होता. त्याचा फोन आला. दगड घसरला होता, पाय चिरडला होता, रक्त थांबत नव्हतं. बचाव पथकाला यायला दोन तास. व्हर्लनं मलाही हाक मारली नाही. जीप काढली आणि सुटला.

वर जायला वाट एकच. ही पायरी.

निम्म्यावर डावं चाक उचललं. नुसतं गरगर फिरायला लागलं. उजवं ढिम्म. जीप मागे घसरली. वीतभर... पुन्हा वीतभर. मागे तीच कड. ब्रेक धरून ठेवला त्यानं. वर पोरगा. एकटा.

तेव्हा वॉकीटॉकी खरखरली.

बंद होती ती. टॅमसिन गेल्यापासून त्यानं ती कधी चालूच केली नव्हती.

"व्हर्ल... आता?"

...



"व्हर्ल...?"

मग तो ओरडला. "दाब, पोरी! दाब! माझं चुकलं गं... दाब!"

गाडीखालून आवाज आला. खट्ट.

दोन्ही चाकांनी दगड धरला.

केड वाचला. पाय गुडघ्यापासून गेला, पण पोरगा आहे. सकाळी व्हर्लनं सगळं सांगितलं, तसा मी जीपखाली शिरलो. वायर तशीच, माझी पट्टी तशीच. लॉकर न लागलेला, मी ठेवला होता तसा. मी म्हटलं, नशीब तुझं, लेका. भीतीत माणसाला काय काय ऐकू येतं. तो मला इथे घेऊन आला.

लॉकर लागला नसेल, तर गाडी दगडावर एकच काळा पट्टा घासते. फिरणाऱ्या चाकाचा. बरोबर ना, ब्रेंट? घे ती बॅटरी. मार उजेड तिकडे.

दोन आहेत. शेजारी शेजारी, पार वरपर्यंत. तीन हिवाळ्यांचं बर्फ त्यांच्यावरून वितळून गेलं, अजून पुसले नाहीत. आणि जरा खाली बघ, सुरू कुठून होतात ते. व्हर्ल तर निम्म्यावर अडकला होता.

ते कडेपासून सुरू होतात. तिची जीप गेली तिथून.