चार तासांची वाट

“रंगून ते कलकत्ता साडेसहाशे मैल आहे, पण विमान चार तासांत पोचवतं. मंगळवारी निघतो,” हरणाबाईनं नवऱ्याच्या, जोतीरामच्या पत्रातलं एवढंच वाचलं, आणि तिची सासू दगडाबाई पाटावरून उठलीसुद्धा. आज मंगळवारच… आणि चार तासांत तर बैलगाडी शिराळ्याला जाते! म्हणजे लढाईवर गेलेला तिचा लेक तीन वर्षं शिराळ्याएवढ्याच अंतरावर होता, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं!

“म्हशे, ऐक गं,” ती गोठ्याकडं तोंड करून म्हणाली, “पोरगं घरात आल्याबिगर मी भाकरीला शिवायची न्हाई. देवाची आन हाय.”

सुनेशी थेट बोलणं तिनं सोडलं होतं. हिच्याच टोचणीनं पोरगा पलटणीत गेला, असं तिच्या मनानं घेतलेलं. तेव्हापासून सासूनं म्हशीला सांगायचं आणि सुनेनं ऐकायचं.

हरणाबाईनं पान उलटून पुढचं वाचलं. कलकत्त्याला छावणीत कागदपत्रं, मग आगगाडी, मग कराडहून मोटार… सहा दिवस!

“आत्याबाई, अजून लिवलंय, म्होरं आगगाडीनं…”

“म्हशे, हिला नवरा लवकर यायला नगोच हाय.”

चार तास झाले, आठ झाले. दिवस कलला तेव्हा वाटेकडं डोळे लावून बसलेली म्हातारी भिंतीला धरून उठली. आन मोडायची नाही ती, मेली तरी नाही… पण सहा दिवस ही उपाशी कशी तगणार? तिला अशी वाळू द्यायची, आणि आलेल्या लेकाला काय दाखवायचं? विचार करता करता हरणाबाई जात्याशी थबकली. आन भाकरीची हाय. तिनं जोंधळे भरडले आणि कण्या शिजवल्या.

“म्हशे, ही भाकरी न्हाई न्हवं?”

“न्हाई आत्याबाई. कण्या हायत्या.”

बुधवारी अंबील झाली, गुरुवारी हुलग्याच्या घुगऱ्या. शनिवारी धपाटं पुढ्यात आलं तेव्हा दगडाबाईनं ते उलटसुलट करून पाहिलं. “म्हशे, हे भाकरीच्या लय वळणावर चाललंय.” पण खाल्लं. हरणाबाईनं स्वतःसाठीही भाकरी थापली नाही. सासूला वाढून भांड्याला उरेल तेवढ्यावर तिनं दिवस काढले.

रविवारी जोतीराम आला. रडणं झालं, दृष्ट काढून झाली, हरणाबाई चुलीशी बसली आणि दगडाबाईनं विचारलं, “हिचं ऐकून का गेलास रं, बाबा?”

जोतीराम हसला. “हिचं? ही तर पाया धरून ‘जाऊ नगा’ म्हणत हुती. तूच रागानं म्हणालीस, ‘हितनं हल.’ म्या हललो, त्यो थेट रंगूनपातूर.”

दगडाबाईनं सवयीनं गोठ्याकडं पाहिलं. म्हैस रवंथ करीत होती. म्हातारी उठली, भिंत न धरता चुलीपाशी आली.

“तीन वरसं तू बोलली का न्हाईस?”

हरणाबाईची नजर तव्यावरच होती. “बोलले असते, तर तुमी सोताला खात बसला असता.”

म्हातारीनं निखाऱ्यावरची पहिली भाकरी उचलली, पदरात धरून मोडली. अर्धी लेकाची म्हणून बाजूला ठेवली आणि अर्धी सुनेच्या हातात कोंबली.

“हरणे, खा,” ती म्हणाली. “ही भाकरीच हाय.”